रुग्ण समाधानी आहेत, पण नेमके कशावर? हार्ट फेल्युअरच्या घरबसल्या देखरेखीविषयी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याच्या आजाराच्या) जुन्या रुग्णांसाठी घरबसल्या देखरेखीची सोय सुरू करून वर्ष होत आलं. रुग्ण रोज सकाळी वजन, बीपी, नाडी मोजून ॲपमधून पाठवतात, इकडे नर्स ते आकडे बघते. समाधानाची पाहणी केली तर ९० टक्क्यांहून जास्त लोक ‘समाधानी’ किंवा ‘अतिशय समाधानी’ निघाले. तरीही दर महिन्याला काही जणांचे आकडे यायचे बंद होतात आणि पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण फारसं हललेलं नाही. मग या समाधानाला किती किंमत द्यायची?

तुमचा आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून तुमचं काम चांगलं चाललंय की वाईट हे कळत नाही, कारण तो जवळपास सगळ्यांचाच असा येतो. २०१५ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने या विषयावरच्या ४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या अभ्यासांनी रुग्णांना पसंती विचारली होती, त्यांत ती ७६ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान होती. ज्या परीक्षेत सगळेच पहिल्या वर्गात पास होतात, तिच्या निकालावरून हुशार कोण आणि ढ कोण हे कसं कळणार? त्याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे आणि मला तो जास्त बोलका वाटतो. ठरवून दिलेलं काम रुग्णांनी किती नियमितपणे केलं, याचं प्रमाण ५५.१ टक्क्यांपासून ९८.५ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. पसंती सगळीकडे भरघोस, वापर मात्र कुठे निम्मा तर कुठे जवळपास पूर्ण. लोक तोंडाने ‘छान आहे’ म्हणतात आणि हाताने यंत्र कपाटावर ठेवून देतात, हे यात दिसतं.

आता तुमच्या पाहणीला उत्तर कोणी दिलं ते बघा. बहुतेक ठिकाणी फॉर्म ॲपमधूनच जातो किंवा फॉलोअपला आलेल्यांकडून भरून घेतला जातो. म्हणजे जे टिकले तेच उत्तर देतात. जे सोडून गेले, जे पुन्हा ॲडमिट झाले आणि जे दगावले, त्यांचं मत त्यात नसतं. २०१० साली अमेरिकेतल्या टेले-एचएफ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,६५३ रुग्ण होते. रोज एका नंबरवर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज लक्षणं आणि वजन विचारणार, उत्तर फोनची बटणं दाबून द्यायचं, अशी ती सोय होती. ज्यांना ही सोय दिली त्यांतल्या १४ टक्के लोकांनी ती एकदाही वापरली नाही. सहा महिन्यांच्या शेवटी आठवड्यातून निदान तीन वेळा फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. आणि पुन्हा ॲडमिट होणं किंवा मृत्यू यांत साध्या उपचारांच्या गटापेक्षा काहीच फरक पडला नाही: ५२.३ टक्के विरुद्ध ५१.५ टक्के. अशा ठिकाणी शेवटी उरलेल्यांना समाधान विचारलं असतं, तर उत्तर चांगलंच आलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

मग समाधानी असलेले रुग्ण नेमके कशावर समाधानी असतात? इतकी वर्षं हे काम करताना मी हा प्रश्न उलटसुलट करून विचारत आलो आहे. उत्तरात ॲप क्वचित येतं, वजनकाटा तर कधीच येत नाही. ‘कुणीतरी बघतंय’ हे येतं. आणि त्यातही बघण्यापेक्षा बोलण्याला जास्त मोल असतं.

एक नमुन्याचा फोन सांगतो. सकाळच्या नोंदीत वजन दोन दिवसांत दीड किलोने वाढलेलं, म्हणजे अंगात पाणी साठत असण्याची शंका. नर्स फोन लावते.

‘काका, वजन नेहमीच्याच वेळी केलंत ना? लघवीला जाऊन आल्यावर?’

‘हो, तसंच.’

‘काल रात्री उशा किती घेतल्या होत्या?’

‘दोन. नाही... काल तीन घेतल्या.’

‘मधे उठून बसावं लागलं?’

‘पहाटे एकदा. तेवढं चालायचंच आता.’

सगळी माहिती त्या ‘चालायचंच’मध्ये आहे: आडवं पडल्यावर धाप लागते म्हणून उशी वाढली. ॲपच्या रकान्यात या गृहस्थांनी ‘धाप: नाही’ असं भरलं होतं आणि त्यांच्या मते ते खरंही होतं, कारण धाप म्हणजे चालताना लागते ती, अशी त्यांची समजूत. नर्सने ते डॉक्टरांच्या कानावर घातलं, लघवीची गोळी तीन दिवसांसाठी वाढली, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) तपासायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नर्सने ‘आज कसं आहे?’ म्हणून पुन्हा फोन केला. रुग्णाच्या लक्षात राहतो तो हा दुसरा फोन. पहिला यंत्रामुळे आला हे त्याला ठाऊक असतं, दुसरा माणसाने आठवणीने केला असं त्याला वाटतं.

याच्या उलट, वजन वाढल्यावर मोबाइलवर आपोआप येणारा संदेश आठवा: ‘आपले वजन वाढले आहे. कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा.’ बिचारा रुग्ण चक्रावतो. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने सकाळी सात वाजता डॉक्टरांशी संपर्कच साधला होता! दोन-तीनदा असं झालं की तो आकडे पाठवायचं थांबवतो, आणि आपण ‘रुग्णाचं सहकार्य नाही’ असं लिहून मोकळे होतो.

यंत्रापलीकडे माणूस किती आहे, यावर निकाल कसा फिरतो हे जर्मनीतल्या टीआयएम-एचएफ२ या चाचणीत दिसलं. २०१८ साली तिचे निष्कर्ष आले, १,५७१ रुग्ण होते. वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन आणि ‘आज तब्येत कशी वाटते’ एवढं रोज पाठवायचं. पण पलीकडे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातलं चोवीस तास चालणारं केंद्र होतं, तिथे डॉक्टर आणि नर्स होत्या, दर महिन्याला ठरवून फोन होता, आणि रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरशी बोलून औषधं बदलली जात होती. हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने अचानक ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस साध्या उपचारांच्या गटात ६.६४ टक्के होते, तर या गटात ४.८८ टक्के. मृत्यूही कमी झाले: दर १०० रुग्ण-वर्षांमागे (एक रुग्ण वर्षभर म्हणजे एक रुग्ण-वर्ष) ११.३४ ऐवजी ७.८६. आणि नियमितपणा? जवळपास सगळेच रुग्ण बहुतांश दिवस आकडे पाठवत राहिले. हे रुग्ण टेले-एचएफमधल्यांपेक्षा जात्याच शिस्तीचे होते असं कुणी म्हणेल. तीव्र नैराश्य असलेल्यांना या चाचणीत घेतलं नव्हतं, त्यामुळे त्या म्हणण्यात थोडं तथ्यही आहे. पण पाठवलेल्या आकड्याचं काहीतरी होतं हे दिसलं की माणूस पाठवत राहतो, असं माझं मत आहे.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला चॅम्पियन या २०११ सालच्या चाचणीत दिसतो. फुप्फुसाच्या धमनीत बारीकसा सेन्सर बसवायचा. त्याला बॅटरी नसते. रुग्णाने रोज एका खास उशीवर आडवं व्हायचं, दाब मोजला जातो आणि पाठवला जातो. चाचणीतल्या सगळ्या ५५० रुग्णांना सेन्सर बसवला होता, सगळे रोज त्या उशीवर आडवे होत होते. फरक एवढाच, की एका गटाचे आकडे डॉक्टरांना दिसत होते आणि दुसऱ्या गटाचे दिसत नव्हते. म्हणजे यंत्र तेच, रोजचा त्रास तोच. ज्यांचे आकडे बघून औषधं बदलली गेली त्यांच्यात हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं स्पष्टपणे घटलं आणि जीवनमानाचे गुणही सुधारले. तुमच्या पाहणीत ‘यंत्र वापरायला सोपं वाटलं का?’ हा प्रश्न असेल, तर या दोन्ही गटांनी त्याला सारखंच उत्तर दिलं असतं.

इथे एक गल्लत सोडवू. समाधान वेगळं, जीवनमान वेगळं. समाधान म्हणजे सेवेबद्दलचं मत. जीवनमान म्हणजे जिना चढता येतो का, रात्री सपाट झोपता येतं का, आवडीच्या कामात मन लागतं का. त्यासाठी कॅन्सस सिटी प्रश्नावली आहे, तिचे गुण ० ते १०० आणि जास्त गुण म्हणजे तब्येत चांगली. मिनेसोटा प्रश्नावली आहे, तिच्यात ० ते १०५ आणि उलट हिशोब: गुण कमी तेवढं चांगलं. कॅन्सस सिटीत साधारण ५ गुणांचा फरक पडला तर रुग्णाला तो स्वतःला जाणवतो असं मानतात. नेदरलँड्समधल्या मॉनिटर-एचएफ या २०२३ सालच्या चाचणीत त्याच फुप्फुसाच्या सेन्सरने वर्षभरात दोन गटांत ७ गुणांहून थोडा जास्त फरक दाखवला. मात्र तिथे कोणाला सेन्सर आहे आणि कोणाला नाही हे रुग्णांना माहीत होतं. आपल्यासाठी खास काहीतरी केलंय हे ठाऊक असलेला माणूस गुण सढळ हाताने देतो, तेवढी सूट धरून तो आकडा वाचावा.

दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या सहा रुग्णालयांत झालेल्या बीट-एचएफ या चाचणीत १,४३७ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना डिस्चार्जनंतर नर्सचे फोन आणि घरी यंत्रं दिली. १८० दिवसांत पुन्हा ॲडमिट होण्यात फरक नाही: ५०.८ टक्के विरुद्ध ४९.२ टक्के. पण सहा महिन्यांनी जीवनमान मात्र यंत्र असलेल्या गटात बरं होतं. काही सहकारी हे ‘चाचणी फसली’ म्हणून बाजूला सारतात. मी सारत नाही. ज्या आजारात माणसाला रोज आपलं शरीर दगा देईल की काय ही धास्ती असते, तिथे सहा महिने थोडे बरे गेले ही काही फुटकळ गोष्ट नव्हे. फक्त तिला ‘ॲडमिशन टाळली’ असं नाव देऊ नका.

धास्तीवरून दुसरी बाजू आठवली. देखरेखीमुळे काहींची धास्ती वाढते. शरीरात बसवलेल्या यंत्रांच्या बाबतीत याचं एक शिकण्यासारखं उदाहरण आहे. हृदयाचे ठोके सांभाळण्यासाठी बसवलेली काही आयसीडी आणि सीआरटी यंत्रं छातीतला विद्युत अडथळा मोजून फुप्फुसात पाणी साठतंय का याचा अंदाज बांधतात. डॉट-एचएफ या २०११ सालच्या चाचणीत ३३५ रुग्ण होते. एका गटाच्या यंत्राला अंदाज बिघडला की रुग्णाला ऐकू जाईल असा आवाज करायला लावलं होतं. त्या गटात हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ओपीडीच्या फेऱ्याही वाढल्या. स्वतःच्या छातीतून गजर ऐकल्यावर माणूस घरी शांत बसेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक होतं. वजन आणि बीपीच्या मर्यादा फार घट्ट ठेवल्या की ॲपवरही तेच होतं, फक्त आवाज बारीक असतो.

आणि वजन हा तसा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे, हे रुग्णाला सांगितलेलं बरं. हृदयाच्या पोकळ्यांतला आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब ॲडमिट होण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून चढायला लागतो. वजन पुष्कळदा शेवटच्या काही दिवसांत हलतं आणि काही जणांत हलतच नाही, कारण तिथे नवीन पाणी साठण्यापेक्षा आहे तेच पाणी शिरांतून फुप्फुसांकडे सरकलेलं असतं. ‘तीन दिवसांत दोन किलोहून जास्त’ हा नेहमीचा नियम उपयोगी आहे, पण त्याच्या आत वजन असलं म्हणजे सगळं ठीक असा त्याचा अर्थ रुग्ण घेतात. मग रात्री धाप लागली तरी सकाळचं वजन बरोबर आलं म्हणून गप्प राहतात. अशा रुग्णाचं समाधान उत्तम असतं, आणि तो धोक्यात असतो.

खोट्या निर्धास्तपणाचा आणखी एक प्रकार वेळेचा. तुमची नर्स आकडे कधी बघते? कामाच्या दिवशी, सकाळी ते संध्याकाळी? मग ते रुग्णाला पहिल्याच दिवशी, त्याच्या घरच्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलंय का? बऱ्याच रुग्णांना वाटतं की बटण दाबलं त्या क्षणी कुणीतरी पडद्यासमोर बसून बघतंय. सुट्टीच्या रात्री छातीत दुखलं तेव्हा आकडा पाठवून उत्तराची वाट बघत बसलेला माणूस ही कल्पनेतली गोष्ट नाही. ‘हे तातडीच्या मदतीसाठी नाही, तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं’ हे वाक्य करारपत्रात बारीक अक्षरांत असून उपयोग नाही, रुग्णाकडून ते उलट म्हणवून घ्यायचं. हे सांगितल्यावर समाधानाचे गुण थोडे घसरतात. घसरू द्या.

सोडून जाणाऱ्यांचं म्हणाल तर सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. काहींना तंत्र जमत नाही: ब्लूटूथ तुटतं, पासवर्ड विसरतात, काटा मऊ गालिचावर ठेवल्याने वजन रोज वेगळं येतं. हे एका घरभेटीत सुटतं. काहींच्या बाबतीत यंत्र खरं तर सून किंवा मुलगा चालवत असतो. त्याची नोकरी बदलली की आकडे बंद होतात. समाधानाचा फॉर्मही त्यानेच भरलेला असतो, हे आपल्याला तेव्हा कळतं. घरच्या माणसाचं ओझं वेगळं विचारायला हवं, आणि तेही रुग्ण समोर नसताना. पण काही जण चांगले समजूतदार असतात, सगळं जमत असतं, तरी थांबतात. त्यांना विचारलं की उत्तर येतं, ‘रोज सकाळी उठल्याउठल्या मी आजारी आहे हे आठवायचं नाही मला.’ याला असहकार म्हणू नये. या माणसाला महिन्यातून एक फोन आणि आठवड्यातून दोनदा वजन पुरेल का, असं विचारून बघा. बहुधा तो हो म्हणतो आणि ते पाळतोही.

बरं वाटू लागलेल्या स्थिर रुग्णाचं यंत्र परत घ्यावं का, हा प्रश्नही यातूनच येतो. टीआयएम-एचएफ२ मध्ये देखरेख थांबवल्यानंतरच्या वर्षात दोन गटांतला फरक टिकला नाही. त्यामुळे ‘वर्ष झालं, आता गरज नाही’ असं सरसकट ठरवू नका. औषधं पूर्ण मात्रेला पोचलेली आणि सहा-आठ महिने ॲडमिशन नाही, अशांच्या देखरेखीचं प्रमाण कमी करावं, ती एकदम तोडू नये. यंत्र परत घ्यायला गेलं की नुकतेच ‘अतिशय समाधानी’ असं लिहिणारे काही जण निमूट देऊन टाकतात, आणि ‘ठीक आहे’ एवढंच लिहिणारे अडून बसतात. कोणाला ते खरंच हवं होतं, हे तेव्हा समजतं.

पुढच्या वेळी पाहणी करायची तर आकडे बघणाऱ्या नर्सने फॉर्म भरून घेऊ नये; तिच्या तोंडावर ‘नाही आवडत’ कोण म्हणणार? तिऱ्हाईत व्यक्तीने फोन करावा आणि थांबलेल्यांना आधी करावा. सुरुवातीच्या महिन्यात नवलाईचे गुण मिळतात, म्हणून तीन आणि नऊ महिन्यांनी विचारा. ‘समाधानी आहात का?’ याऐवजी घडलेलं विचारा: शेवटचा आकडा वेगळा आला तेव्हा काय झालं? कोणी फोन केला? किती वेळाने? औषध बदललं का, आणि का बदललं ते कळलं का? रात्री त्रास झाला तर काय करायचं ठरलंय? या उत्तरांची टक्केवारी काढायची गरजही पडत नाही. दहा-बारा फोन झाले की कुठे गळतंय ते कळतं.

ॲडमिशनचं प्रमाण का हलत नाही, त्याचं उत्तर मात्र रुग्णांकडे नसून तुमच्या नोंदींत आहे. अलर्ट आल्यापासून औषध बदलेपर्यंत किती तास जातात? लघवीची गोळी वाढवण्याचा अधिकार नर्सला आहे, की तिला ओपीडीतल्या डॉक्टरची वाट बघावी लागते? ठरवून दिलेल्या मर्यादेत, लेखी नियमाप्रमाणे, नर्सने मात्रा बदलायची आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं, अशी सोय जिथे आहे तिथे तास कमी होतात. तुमच्याकडे ही वेळ कुठे लिहिलीच जात नसेल, तर समाधानाची पाहणी पुढच्या तिमाहीत ढकला आणि आधी ती वेळ लिहायला लागा.